मापात पाप? मोबाइल डेटाची मर्यादा आणि भारतीय ग्राहक

या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास पाहतो आहोत. आजची वस्तू हातात धरता येत नाही, पण ती संपली की घरात लगेच कळतं. ‘माझं नेट संपलं, जरा हॉटस्पॉट दे’ हे वाक्य गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी घरांत इतकं रुळलं आहे, की त्याच्यामागे काही इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही. तो आहे, आणि तो मापाचा इतिहास आहे. माप कोणी ठरवलं, ते ग्राहकाला दिसत होतं का, आणि उरलेल्या मालाचं काय झालं, या तीन प्रश्नांभोवती आज बोलू.

सुरुवात स्मार्टफोनच्या आधीपासून करायला हवी. टूजीच्या काळात पॅक न मारता इंटरनेट वापरलं तर बऱ्याच कंपन्यांचा दर होता दहा केबीला दहा पैसे. ऐकायला स्वस्त वाटतं. आता हिशोब करू. दहा केबीला दहा पैसे म्हणजे एका एमबीला दहा रुपयांच्या थोडं वर. चार एमबीचं एक गाणं उतरवलं तर चाळीस रुपये. आणि एक जीबी? दहा हजार रुपयांहून जास्त! हा आकडा कोणी जाहिरातीत लिहीत नव्हतं. केबी म्हणजे किती, हे बहुतेकांना माहीत नव्हतं. किलो, लिटर, मीटर आपल्याला डोळ्यांनी कळतात, केबी कळत नाही. त्यामुळे ग्राहकाची पहिली प्रतिक्रिया रागाची नव्हती, भीतीची होती. चुकून इंटरनेटचं बटण दाबलं गेलं की लोक घाईघाईने लाल बटण दाबून बाहेर पडायचे. प्रीपेडवाल्याचा बॅलन्स कापला जायचा, पोस्टपेडवाल्याला महिन्याच्या शेवटी बिलाचा धक्का बसायचा.

मग स्मार्टफोन आला. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन भारतात आला, २००९ मध्ये पहिले अँड्रॉइड फोन आले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत मायक्रोमॅक्स, कार्बन यांच्या स्वस्त फोनांनी तालुक्याची बाजारपेठ व्यापली. इथे एक मूलभूत फरक पडला. साध्या फोनवर इंटरनेट आपण वापरायचो. स्मार्टफोन ते स्वतःच वापरतो. फोन खिशात असताना अ‍ॅप अपडेट होतं, फोटो आपोआप उतरतात, मेल येत राहतो. मालकाने काही न करता मीटर फिरायला लागलं. ‘मी तर काहीच केलं नाही, मग डेटा गेला कुठे?’ हा प्रश्न या काळातला. इतिहासाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा, कारण इथे भीतीची जागा संशयाने घेतली.

संशयाला खतपाणी घातलं एका शब्दाने: अनलिमिटेड. २०१० मध्ये थ्रीजी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला आणि कंपन्यांनी सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मोजले. हा पैसा ग्राहकाकडूनच वसूल व्हायचा होता, त्यामुळे थ्रीजी महाग राहिलं. मग ‘अनलिमिटेड’ पॅक विकले गेले, पण बारीक अक्षरांत एक अट असायची, फेअर यूसेज पॉलिसी. ठरावीक एमबी संपले की वेग इतका उतरायचा की साधं पान उघडायला मिनिट लागे. कंपनीचं म्हणणं, आम्ही सेवा बंद कुठे केली? ग्राहकाचं म्हणणं, थेंब थेंब पाणी येणाऱ्या नळाला चालू म्हणायचं का?

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत जून २०१० मध्ये एटी अँड टी कंपनीने नव्या ग्राहकांसाठी ३० डॉलरचा अमर्याद पॅक बंद केला आणि १५ डॉलरला २०० एमबी, २५ डॉलरला २ जीबी असे दोन पॅक आणले. कंपनी सांगत होती की तिच्या ६५ टक्के स्मार्टफोनधारकांना २०० एमबीसुद्धा पुरतात. म्हणजे बहुतेकांचं बिल कमीच होणार होतं. तरीही ओरड झाली. लोकांना आजच्या वापराची चिंता नव्हती, उद्याच्या वापराची होती. ज्यांच्याकडे जुना अमर्याद पॅक होता त्यांनी तो वडिलोपार्जित जमिनीसारखा जपला. पुढे त्यांचाच वेग कंपनीने उतरवला, तेव्हा तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१४ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं, आणि २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. शब्द पाळला नाही म्हणून कंपनीला किंमत मोजावी लागली, हा त्यातला मुद्दा.

आता परत भारतात येऊ. आपल्या ग्राहकाने काय केलं? आम्हाला त्याच्या प्रतिक्रियांचे चार प्रकार दिसतात: काटकसर, वाटणी, स्थलांतर आणि तक्रार.

काटकसर आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट. मिस्ड कॉलने निरोप देणारा समाज डेटाच्या बाबतीत उधळा कसा असेल? ऑपेरा मिनी हा ब्राउझर भारतात इतका चालला, कारण तो पान दाबून, आटवून पाठवायचा. गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी आणि सिनेमे भरून घेता येत. व्हॉट्सअ‍ॅपमधलं ‘आपोआप डाउनलोड’ बंद करणं हे घरातल्या शाळकरी मुलांचं कौशल्य ठरलं, आणि ती मुलं ते आजोबांना शिकवू लागली. कंपन्यांनाही वळावं लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात व्हिडिओ साठवून नंतर पाहण्याची सोय दिली. २०१५ मध्ये फेसबुकची हलकी आवृत्ती आली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेलचं मोफत वाय-फाय सुरू झालं, पुढे ते चारशे स्थानकांपर्यंत गेलं. अशा स्थानकांवर गाडी पकडायची नसतानाही फलाटावर बसलेली तरुण मुलं दिसू लागली. मर्यादेने माणसाची बसायची जागासुद्धा बदलली!

वाटणी म्हणजे हॉटस्पॉट, आणि एका फोनवरून दुसऱ्यावर थेट फाइल पाठवणारी अ‍ॅप. स्थलांतर म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. पण प्रीपेडवाल्याला तिचीही फारशी गरज पडली नाही. त्याने दोन सिमचा फोन घेतला, एक सिम बोलायला आणि एक नेटला. कंपनीशी वाद घालण्यापेक्षा शेजारच्या दुकानातून दुसरं सिम आणणं सोपं होतं.

तक्रारीचा मार्ग मात्र लांबचा, पण फळ देणारा ठरला. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम केला की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करायची नाही; त्यासाठी १९२५ हा क्रमांक ठरला. शिवाय पॅकमधला निम्मा डेटा संपल्यावर, नव्वद टक्के संपल्यावर आणि पूर्ण संपल्यावर संदेश पाठवायचा. आज ते संदेश आपण न वाचता पुसतो. पण त्या एका ओळीमागे काही वर्षांचा संशय आहे. न दिसणारं माप ग्राहकाला दाखवलं गेलं ते तिथे.

त्याच काळात मोठी लढाई झाली ती वेगळ्याच दारात. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलला वेगळा आकार लावायचं जाहीर केलं, आणि संताप पाहून काही दिवसांत ते मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर मतं मागवली, तर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. मग काही निवडक संकेतस्थळं फुकट देण्याच्या योजना आल्या. त्यांत फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ सर्वांत गाजली. इथे थोडं थांबायला हवं. काही गोष्टी फुकट, बाकीच्या मोजून, ही ऑफर कधी आकर्षक वाटते? डेटा मोजून मिळत असेल तेव्हाच. नळाला भरपूर पाणी असेल तर टँकरवाल्याचे उपकार कोण मानेल? म्हणजे मर्यादा ही नुसती किंमत नव्हती, माणसाला कुठल्या वाटेने न्यायचं हे ठरवण्याचं साधन होती. लोकांनी ते ओळखलं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली. डेटा कितीही मोजा, पण सगळ्यांचा सारखा मोजा, हा त्याचा अर्थ.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि चित्र पालटलं. सुरुवातीला रोज ४ जीबी फुकट. जानेवारी २०१७ पासून रोज १ जीबी, तेही फुकट, आणि कमी केलं म्हणून लोकांनी कुरकुर केली! ज्या देशात माणूस महिन्याला सरासरी १ जीबीसुद्धा वापरत नव्हता, तिथे रोजचा १ जीबी अपुरा वाटायला काही महिने पुरले. फुकटचा काळ संपल्यावर पैसे देऊन घ्यायच्या पॅकमध्येही ‘रोज अमुक जीबी’ हेच माप राहिलं, आणि इतर कंपन्यांनीही ते उचललं.

हा बदल वरवर साधा वाटतो, पण महिन्याचं रेशन आता दिवसाचं झालं. महिन्याच्या पॅकमध्ये माणूस साठवतो, पुरवून वापरतो. रोजच्या पॅकमध्ये साठवण नाही; रात्री बारा वाजता उरलेलं वाया जातं. रोज दीड जीबी, २८ दिवस म्हणजे ४२ जीबीचे पैसे आपण आधी देतो, पण एका दिवशी दोन जीबी लागले तर वरचा अर्धा वेगळा विकत घ्यावा लागतो. काटकसरीचा जुना संस्कार इथे उलटा झाला. ‘संपवून टाकू, नाहीतर फुकट जाईल’ म्हणत लोक झोपण्याआधी व्हिडिओ पाहू लागले. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा याच मापाची दुसरी बाजू दिसली. एका फोनवर दोन भावंडांचे वर्ग असतील तर दिवसाचा डेटा लवकर संपे, आणि कालचा उरलेला मागता येत नसे.

२८ दिवसांच्या महिन्यावरही नाराजी साचत गेली. वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. २७ जानेवारी २०२२ च्या आदेशात ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक तरी ३० दिवसांचा पॅक ठेवायला सांगितलं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा स्थलांतराचं जुनं अस्त्र पुन्हा निघालं. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले, नेटवर्कच्या तक्रारी माहीत असूनही.

आणि सगळ्यांत शेवटी एक उलटीच तक्रार पुढे आली. ज्यांना डेटा नकोच आहे त्यांचं काय? गावाकडे साधा फोन वापरणारी आजी फक्त मुलांशी बोलते. तिचं सिम चालू ठेवायला तिनेही रोजच्या जीबीचे पैसे का भरायचे? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. सुरुवातीला असे पॅक आले, तेव्हा किंमत फारशी उतरलेली नव्हती. ओरड झाल्यावर त्यांत काही कपात झाली.

या सगळ्यातून काय दिसतं? भारतीय ग्राहकाने मर्यादेलाच विरोध केला, असं म्हणता येत नाही. मर्यादा आपल्याला नवी नाही. पाणी, वीज, रॉकेल, सगळं आपण मापून वापरलेलं आहे. तो चिडला तो तीन वेळा: माप दिसत नव्हतं तेव्हा, ‘अनलिमिटेड’सारखा शब्द खोटा ठरला तेव्हा, आणि पैसे दिलेला माल हातातून निसटला तेव्हा. पहिल्या तक्रारीवर नियम आला. दुसरीवर अर्धामुर्धा आला. ‘अनलिमिटेड’ अजून जाहिरातीत आहे, अट अजून बारीक अक्षरात आहे. तिसरी अजून उघडी आहे. काही कंपन्या उरलेला डेटा शनिवार-रविवारी किंवा पुढच्या महिन्यात वापरू देतात, पण ती त्यांची मर्जी आहे, आपला हक्क नाही. रात्री बारा वाजता जे वाया जातं ते कोणाचं, याचं उत्तर मागणं आता आपल्याकडे आहे. ते मागायचा रस्ता ईमेल पाठवणाऱ्या दहा लाख लोकांनी २०१५ मध्येच दाखवून ठेवला आहे.