केळझर परिसरातील बांधकाम व दगडखाण कामगार

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर व लगतच्या भागात इमारती, रस्ते आणि दगड-मुरूम उत्खनन यांवर मजुरी करणारा श्रमिकवर्ग. हा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे (⟶ बेसाल्ट). विदर्भात दगड फोडणे व मातीकाम हे वडार आणि बेलदार समाजांचे परंपरागत व्यवसाय होत (पहा : वडार). शेतमजूरही पेरणी-कापणीच्या हंगामाबाहेर या कामांकडे वळतात.

कामाची विभागणी मिस्त्री, बिगारी व रेजा (स्त्री-मजूर) अशी असते. रेजांकडे मुख्यतः साहित्य वाहण्याचे व बांधकामाचा मसाला कालवण्याचे काम येते. मजुरी रोजंदारीने किंवा ठेक्याने मिळते; फोडलेल्या दगडाचे माप ब्रासमध्ये (१०० घनफूट) धरतात. किमान वेतन कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा श्रेणींनुसार ठरते (⟶ किमान वेतन).

१९९६ च्या केंद्रीय अधिनियमान्वये १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेल्या बांधकाम कामगारांसाठी नोंदणीची तरतूद झाली. या कामगारांसाठीचा कल्याणनिधी बांधकाम खर्चावरील उपकरातून उभा राहतो. सेलू तालुक्यातून नागपूर–मुंबई महामार्ग गेला असून अशा कामांची उभारणी बांधकाम मजुरांच्या श्रमावर होते (⟶ समृद्धी महामार्ग).