खाट शिल्लक नाही

वाचकहो, घराचा हक्क, मताचा हक्क हे शब्द आपल्या तोंडी चांगलेच रुळले आहेत. परंतु आजारी माणसाने हक्काने औषधोपचार मागावा, ही कल्पना तशी अलीकडचीच म्हणायची. १८९७ साली, प्लेगच्या धुमाळीत, साथीच्या रोगांचा कायदा झाला. पण त्याने सरकारला आपल्या घरात शिरण्याचा अधिकार दिला, रोग्याला इस्पितळात शिरण्याचा नव्हे!

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने सांगितले की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. मात्र त्याच भागातले ३७ वे कलम म्हणते की, ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. पान वाढले खरे, पण जेवायला बसण्याची सोय नाही.

ती सोय झाली एका अपघातामुळे. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी बंगालमधील मथुरापूर स्टेशनात शेतमजूर संघटनेचा एक सभासद आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार बसला. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला पुढे धाडले. मग कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी इस्पितळे रात्रभर पालथी घातली. कुठे खाट रिकामी नव्हती, कुठे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. सकाळी आठच्या सुमारास तपासणीत मेंदूत रक्तस्राव दिसला. तरी खाट नव्हतीच! अखेर तो खाजगी इस्पितळात दाखल झाला आणि सुमारे १७,००० रुपये खर्चून वाचला.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग होय. तिजोरीतल्या खडखडाटाची सबब चालणार नाही, असेही बजावले. भरपाई मिळाली २५,००० रुपये. मला मात्र त्याहून मोलाचे वाटतात ते निकालातील साधे आदेश: कुठल्या इस्पितळात खाट रिकामी आहे हे कळण्याची एकत्रित व्यवस्था हवी, रुग्णवाहिका पुरेशा हव्यात, तालुका-जिल्ह्याची इस्पितळे सुधारायला हवीत. हक्क अखेर अशाच गोष्टींवर उभा असतो.

२०२३ साली राजस्थानने या हक्काचा स्वतंत्र कायदा केला, तेव्हा खाजगी डॉक्टर संपावर गेले. तातडीच्या उपचारांचे पैसे कोणी द्यायचे, हा त्यांचा सवाल काही अगदीच गैरलागू नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही, विश्वस्त कायद्याच्या ४१-कक कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली योजना आहे. धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धन रोग्यांना मोफत व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. मात्र रोगी अत्यवस्थ असेल तर त्याला आधी दाखल करून घ्यायचे, अनामत रक्कम मागायची नाही. तेव्हा, बाबांनो, प्रवेशाच्या खिडकीपाशी ‘खाट नाही’ असे उत्तर मिळाले, तर तिथल्या समाजसेवकाला गाठून या दोन प्रकारच्या खाटा किती आहेत, किती भरल्या आहेत, ते जरूर विचारा.