खोरे, थडी आणि उतार

गुंजवणे हे गाव राजगडाच्या पायथ्याशी वसले आहे. चोरदरवाजाच्या वाटेने चढू पाहणारी मंडळी येथे उतरतात, मान वर करून पद्मावती माचीचा अंदाज घेतात आणि चालू लागतात. नदीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक गुंजवणे गाव, गुंजवणी नदी, गडाचा गुंजण दरवाजा आणि या मुलखाचे जुने नाव ‘गुंजण मावळ’ ही सारी एकाच कुळातली नावे आहेत. नदीचे शब्द शिकायचे तर आरंभ येथून करावा, असे आम्हांस वाटते.

मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख, अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. पण हा मुलूख मोजला गेला तो दिशेने नव्हे, तर पाण्याने. पवन मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे ही नावे त्या त्या नदीची आहेत. (हिरडस मावळासारखी नावे या नियमात बसत नाहीत, नियम फार ताणू नये.) दोन डोंगरसोंडांच्या मधून एक नदी वाहते, तिच्या दोन्ही अंगांना गावे वसतात आणि शेजारच्या खोऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागते. ज्या वस्तीला निसर्गानेच भिंती घातल्या, तिचा वसूल आणि वतन वेगळे असणे ओघानेच आले. गुंजण मावळाचे देशमुख शिळीमकर, मोसे खोऱ्याचे पासलकर, हिरडस मावळाचे बांदल. शिवकालीन कागद वाचताना ‘खोरे’ या शब्दाचा ‘दरी’ एवढाच अर्थ घेणारा विद्यार्थी म्हणूनच अर्धे वाक्य हरवून बसतो. खोरे हा भूगोलाचा शब्द आहे, तसाच तो महसुलाचा, भाऊबंदकीचा आणि प्रसंगी वैराचाही आहे. माती ओढण्याच्या हत्यारालाही आपण खोरेच म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ एक असो वा नसो, डोंगर कोरून काढलेल्या जागेला हे नाव शोभते खरे.

गुंजवणी पुढे नीरेला मिळते, नीरा नरसिंहपुराजवळ भीमेला आणि भीमा कृष्णेला. नदी जशी सपाटीवर येते तसा शब्द बदलतो. भीमेचे वरचे खोरे आहे. खाली मात्र ‘भीमथडी’ लागते. गोदेच्या काठी ‘गंगथडी’ आहे. थडी म्हणजे काठ. डोंगरात नदी दोन्ही तीरांना एकत्र बांधते, म्हणून मुलखाला खोऱ्याचे नाव. सपाटीवर ती दोन तीरांना वेगळे करते, म्हणून मुलखाला काठाचे नाव. एकाच पाण्याचे माणसाशी असलेले नाते बदलले आणि भाषेने ते मुकाट्याने टिपले. भीमथडीची तट्टे मराठी फौजांत नावाजली आणि ब्रिटिश अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाही होता.

थडी आली की ‘उतार’ येतो. आमच्या विद्यार्थिदशेत या शब्दाने आमची चांगलीच फजिती केली होती. एका उताऱ्यात नदीला उतार नसल्याचे वाचून आम्ही नदी संथ वाहत असल्याचे लिहून मोकळे झालो. अर्थ नेमका उलटा होता : पायी अथवा घोड्यावरून पार होण्याजोगी जागाच नव्हती. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पानिपतच्या मोहिमेचा अभ्यास करताना नावा, पूर, पूल आणि उतार या शब्दांवाचून पाऊल पुढे पडत नाही. १७६० च्या पावसाळ्यात यमुना फुगली होती. ती ओलांडण्यासाठी नावा जमविण्याची भाऊसाहेबांची योजना सिद्धीस गेली नाही. नदी आडवी असल्याने शत्रूही अलीकडे येणार नाही, या भरवशावर फौज कुंजपुऱ्याकडे सरकली. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला, माणसे वाहून गेली तरी फौज पार केली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. पुढले सर्वांना ठाऊक आहे. तो उतार आपल्या लोकांस आधी का गवसला नाही, हा प्रश्न ‘उतार’ म्हणजे ‘चढ नव्हे तो’ एवढेच जाणणाऱ्याला पडणारच नाही.

‘वाळवंट’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. पंढरीचे वाळवंट म्हणजे चंद्रभागेच्या पात्रातील वाळूची जागा. शाळेच्या भूगोलात ‘सहाराचे वाळवंट’ शिकून आलेल्या मुलाला संतवाङ्मयात वैष्णव उंटांच्या प्रदेशात नाचताना दिसू लागले, तर दोष केवळ त्याचा नव्हे.

मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांचा शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. हे कोश केवळ अडलेल्या शब्दापुरते न उघडता डोह, ओहोळ, मळई, पाणवठा, लोंढा असे शब्द एकापाठोपाठ काढून वाचावेत. ओहोळ आणि ओढा, ओढा आणि नाला यांतील फरक कोशात पुरता सापडत नाही. त्यासाठी मावळातल्या एखाद्या शेतकऱ्याबरोबर बांधावरून चालावे लागते.

आज या नद्यांचे शब्द धरणाच्या भिंतीवरून ठरतात : विसर्ग, क्युसेक, लाभक्षेत्र, बुडीत क्षेत्र. यांतला ‘लाभ’ भिंतीच्या खालच्यांचा आणि ‘बुडीत’ वरच्यांचे, हे शब्द वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वेळवंडीवर भाटघरचे जुने धरण एकोणिसाव्या शतकात झाले आणि १९२० च्या दशकात त्याच्या खालच्या अंगाला नवे, उंच धरण उभे राहिले. पुढे गुंजवणीवरही धरण झाले. वेळवंड खोऱ्याच्या मोठ्या भागाला आता पर्यटकांच्या बोलीत ‘बॅकवॉटर’ म्हणतात. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. मुलखाचे नाव नदीवरून गडावर गेले. गावात मात्र नदीला अजून गुंजवणीच म्हणतात, आणि उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरे गावाजवळचे पाण्याखालचे देऊळ उघडे पडते.