कोंबड्याचा तुरा आणि औषधाचा हिशेब

पाडा खच्ची केला की शांत होतो, औताला जुंपता येतो, हे कट्ट्याच्या शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. यामागचे कारण प्रयोगाने शोधायला मात्र १८४९ साल उजाडले. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबडे घेतले. काहींची दोन्ही वृषणे काढून टाकली, तर काहींच्या पोटात एक वृषण दुसऱ्या जागी बसवले. ज्यांच्यात वृषण होते ते आरवले, झुंजले, त्यांचा तुरा वाढला. बाकीच्यांचा तुरा खुरटला. बसवलेल्या वृषणाच्या जुन्या नसा तुटलेल्या होत्या. मग निरोप जात होता कसा? रक्तातून!

१८८९ मध्ये पॅरिसला ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार यांनी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुणपण परतल्याचे जाहीर केले. परंतु हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या अर्कात ते नगण्यच असणार. बेर्टोल्ड यांच्याजवळ तुलनेला दुसरे कोंबडे होते. ब्राउन-सेकार यांच्याजवळ फक्त स्वतःचा अनुभव होता.

१९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून शुद्ध टेस्टोस्टेरॉन मिळवले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून बनवले. ज्यांच्या शरीरात ते मुळातच कमी तयार होते, अशा रुग्णांना खरा दिलासा मिळाला. गुण लवकर दिसला. दोष कळायला अनेक वर्षे लागली.

असे का व्हावे? आम्हाला यात तीन साखळ्या दिसतात. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी 'पुरेसे आहे' असे समजून वृषणांना आदेश देणे थांबवते. शुक्राणू घटतात, वृषणे आकसतात. अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवते आणि रक्त दाट होते. पुरःस्थ ग्रंथीलाही चालना मिळते; तिथला पसरलेला कर्करोग वृषणे काढल्यास आटोक्यात येतो, हे हगिन्झ यांनी १९४१ मध्येच दाखवले होते.

म्हणून दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांची तपासणी ठरलेली असते: सुरुवातीला, तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. रक्तातील पेशींचा हिस्सा ५४ टक्क्यांवर गेला तर औषध थांबवतात आणि तो उतरल्यावर कमी मात्रेत पुन्हा देतात. मूल हवे असणाऱ्याला हा उपचार सहसा देत नाहीत.

हृदयविकाराचा प्रश्न बरीच वर्षे वादात होता. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका मोठा असलेल्या सुमारे ५२०० पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिले होते. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात औषधामुळे वाढले नाहीत. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. तुलनेला दुसरा गट नसता तर यातले काहीच कळले नसते.

आज पिळदार दंडांसाठी हेच इंजेक्शन निरोगी तरुणांनाही सुचवले जाते. 'मित्राला गुण आला' हा पुरावा ब्राउन-सेकार यांच्याच जातीचा आहे. वर्गात आपण इतकेच विचारावे: तुलना कोणाशी केली, किती जणांत, आणि किती वर्षे?