पाळकांच्या पुस्तकांचे पैसे कोणी द्यायचे?

कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक असतं. पण हे वायल्डर कोण, आणि मिशनने एकदा त्यांच्यामागचा हात काढून घेतला होता, हे आमच्या मंडळीतल्याही फारशा कोणाला माहीत नसतं. (इथे मंडळी म्हणजे चर्चची मंडळी, हा ब्लॉग वाचणारी तुम्ही मंडळी नव्हे!) पाळकांच्या शिक्षणासाठी, वाचनासाठी, विश्रांतीसाठी पैसे कोणी द्यावेत, हा प्रश्न निघाला की मला आधी तेच आठवतात.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी. तेव्हाच्या अहमदनगरात काही वर्षं काढून ते १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढे १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : इथल्या मंडळीने आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार आपणच करावा. त्यासाठी इथलेच पाळक मराठीत तयार करावेत आणि मंडळीला झेपेल तेवढाच पगार त्यांना द्यावा. इंग्रजी शाळा चालवणं हे काही मिशनचं मुख्य काम नव्हे. त्याच दौऱ्याच्या सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

वायल्डर यांचा जीव मात्र शाळांत. त्यावरून त्यांचं बोर्डाशी बिनसलं आणि बोर्डाने कोल्हापूरचं काम सोडलं. आजारपणामुळे मायदेशी गेलेले वायल्डर १८६१ साली तरीही परत आले. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी बोर्डाशिवाय, मिळतील त्या देणग्यांवर काढली. १८७० साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतलं.

यात बरोबर कोण? मला विचाराल तर दोघंही अर्धे अर्धे. पगार परक्याच्या हातून आला की माणूस परक्याचा वाटू लागतो, हे अँडरसन यांनी ओळखलं होतं. पण मंडळी गरीब असेल तर ‘झेपेल तेवढा पगार’ म्हणजे पाळकाच्या घरी जेमतेम भाकरी. मग पुस्तकं कुठून यायची?

या पेचाचा शेवट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्यापुरता केला. १८९५ साली बाप्तिस्मा, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा, नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवणं, असं सगळं मिशनमध्ये राहून झालं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्त इथल्या लोकांना आपला वाटायचा, तर त्याच्याविषयी बोलणारा परक्यांचा पगारी नोकर दिसता कामा नये, अशी त्यांची धारणा. पण असे टिळक किती असणार? आणि अशा माणसाच्या घरात संसार कोण ओढतं, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढे जगभर या कामासाठी निधी निघाले. १९५८ साली थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड स्थापन झाला. त्यात रॉकफेलर यांचे २० लाख डॉलर आणि मिशन संस्थांचे तेवढेच. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली धर्मशिक्षणाची महाविद्यालयं, त्यांची ग्रंथालयं, शिक्षकांचं पुढचं शिक्षण यांवर तो खर्च झाला. अमेरिकेतल्या लिली एंडाउमेंटने १९९९ पासून आणखी वेगळी वाट धरली. पाळकाने काही महिने कामातून बाजूला होऊन प्रवास करावा, वाचावं, घरच्यांबरोबर राहावं, म्हणून ते अनुदान देतात. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की पैसे मंडळीला मिळतात, आणि पाळक नसताना उपासना चालवण्याचा खर्चही त्यात धरता येतो. म्हणजे पाळकाला विश्रांती मिळावी म्हणून अर्ज मंडळीनेच करायचा!

आपल्या कोल्हापूरलाही हा विचार परका नाही. वेदोक्ताच्या वादानंतर शाहू महाराजांनी १९२० साली मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक विद्यालय काढलं. धर्म वेगळा, हेतूही वेगळा. पण धर्मकार्य करणारा माणूस आपला हवा असेल तर त्याला शिकवण्याचा खर्चही आपणच उचलायला हवा, हे त्यांना पक्कं समजलं होतं.

आमच्याकडे चर्चचं छप्पर गळू लागलं की वर्गणी गोळा होते. कापणीच्या सणाला लोक हात सैल सोडतात. मात्र दर रविवारी नवा उपदेश देणाऱ्या माणसाने नवीन काही वाचावं, चार दिवस गप्प बसावं, यासाठी ताळेबंदात एक ओळ नसते. लग्न, मयत, आजारी माणसाच्या भेटी, भांडणं मिटवणं, सगळीकडे पाळकसाहेब हवेत. मग उपदेशात तेच तेच येतं, आणि आपण घरी जाताना कुरकुरतो.

मला वाटतं, परदेशी निधी आला तर जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण वर्षाची पुस्तकं आणि पंधरा दिवसांची रजा, एवढं तरी मंडळीने स्वतःच्या दानातून द्यावं. रक्कम छोटी असेल, पण ती देणारे लोक समोरच्या बाकांवर बसलेले असतील. त्या पैशातून आलेलं पुस्तक पाळकांना कोणापुढे मान न झुकवता उघडता येईल.

असो. तुमच्या गावच्या मंडळीत कशी पद्धत आहे, ते जरूर कळवा.