बावड्याचा पाऊस आणि इजिप्तची वाळू

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पिरॅमिडच्या कुशीतल्या कैरोत जेमतेम पंचवीस. कुठल्या देशाचा इतिहास टिकला आणि कुठला मातीत गेला, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. लाकूड, कापड, धान्य ही आपल्याकडे काही पावसाळ्यांची पाहुणी. तिकडे वाळूत ती हजारो वर्षं तशीच पडून राहतात.

म्हणूनच इजिप्तला जाणारे पिरॅमिड बघून परततात तेव्हा एक गोष्ट हुकते. आपल्या सह्याद्रीचा बराचसा पुरावा तिथल्याच वाळवंटात सापडला आहे.

तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं बंदर होतं. रोमन काळात इथली जहाजं उन्हाळ्याच्या भरात निघायची, मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागायची. बेरेनिकेच्या सेरापिस मंदिराच्या आवारात उत्खननात एक भारतीय बनावटीचा रांजण मिळाला. आत सुमारे साडेसात किलो काळी मिरी होती. पहिल्या शतकातली, आणि दाणे शाबूत! तिथल्या इमारतींत भारतीय सागवानही सापडलं. जुन्या जहाजांच्या फळ्या काढून लोकांनी घरांना वापरल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीचं सागवान सह्याद्रीच्या पावसात शोधायला गेलात तर हाती काय लागेल?

त्याच किनाऱ्यावर कुसैर इथे एक खापर मिळालं. त्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत हिशेब आहे: तेल, मांस, मद्य. आणि नावं आहेत हालक, विण्हुदत, नाकद. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त. हा राजा नाही, ऋषी नाही. परक्या बंदरात शिधा मोजून घेणारा माणूस. त्याचं नाव राहिलं, कारण तिथे पाऊस नव्हता.

आता उलट बाजू. त्या जहाजांचा माल कोकणात उतरला की देशावर न्यायला घाट चढावाच लागे. कोल्हापूरच्या वाटा मोजक्या: फोंडा, बावडा, अणुस्कुरा. घाट चढून पुढे गेलं की पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी. तिथे सातवाहन काळात भाजक्या विटांची घरं असलेलं नांदतं गाव होतं. १९४४-४५च्या सुमारास तिथे ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती लागला आणि त्यात निघाला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. वीतभरही उंच नाही. उंचावलेल्या हातातला त्रिशूळ हरवलेला. ही मूर्ती इजिप्तच्या अलेक्झांड्रियात घडली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. पाठोपाठ, १९४५-४६मध्ये, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीवर रीतसर उत्खनन केलं.

अलेक्झांड्रियाला आपली खबरही होती. इ. स. १५०च्या सुमारास तिथे बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने दख्खनमधल्या ‘बालेओकुरोस’ राजाचं नाव नोंदवलं. कोल्हापुरात मिळालेल्या नाण्यांवर ‘विळिवायकुर’ असं नाव आहे. दोन्ही नावं एकाच राजाची, असं इतिहासकार जुळवतात.

आणखी एक हिशेब करून बघा. खुफूचा पिरॅमिड इ. स. पूर्व २५६०च्या आसपासचा. पोसायडन कोल्हापुरात आला तेव्हाच तो अडीच हजार वर्षांहून जुना होता. म्हणजे काळाच्या मोजणीत विण्हुदत पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा आपल्याला जवळचा आहे. तरी पिरॅमिडचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर लगेच येतं आणि ब्रह्मपुरी म्हटल्यावर कोल्हापुरातलीही कित्येक मुलं विचारतात, “कुठंशी आली ही?”

त्यांचा तरी काय दोष? आज टेकडीवर वस्ती आहे. माणसांनी राहायचं कुठे, हा प्रश्न खराच आहे. पण तिथे पायासाठी मारलेला प्रत्येक खड्डा सातवाहनांच्या घरातून जाऊ शकतो. इजिप्तची वाळू आपली मिरी जपते, कारण तिच्यावर कुणाला घर बांधायचं नसतं. आपल्याकडे जे पावसातून वाचलं, ते जपणं आपल्याच हातात आहे.

पिरॅमिड बघायला जरूर जा. त्याआधी एका सुट्टीत कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची पायरी चढा. तिकडून आलेला देव इथे गेली दोन हजार वर्षं मुक्कामाला आहे.