संगणक–टीव्ही जोडणी

घरच्या संगणकात साठवलेले किंवा इंटरनेटवरून येणारे व्हिडिओ टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी केलेली जोडणी. केबल लावणे हा तिचा सोपा भाग. चित्राचा वेग, कडा आणि काळा रंग टीव्हीशी जुळवणे हे खरे काम, आणि बहुतेक घरांत नेमके तेच राहून जाते.

पूर्वपीठिका : घरगुती संगणक सुरुवातीला टीव्हीच्याच आधाराने वाढला. १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांना स्वतःचा पडदा नव्हता. त्यांचे चित्र अँटेनाच्या सॉकेटमधून टीव्हीत जाई आणि चॅनल लावावे तसे ते ट्यून करावे लागे. १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकाबरोबर व्हीजीए हे चित्राचे मानक आले आणि संगणक व टीव्ही यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. भारतातल्या पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा काढी. व्हीजीए जवळपास त्याच्या दुप्पट रेषा पाठवी. सरळ वायर लावून भागेना.

मग ग्राफिक्स कार्डांवर ‘टीव्ही-आउट’ आले : चार पिनांचे गोल एस-व्हिडिओ किंवा पिवळ्या पिनेचे कंपोझिट. आवाजासाठी संगणकाच्या हिरव्या सॉकेटमधून लाल-पांढऱ्या पिनांची वेगळी वायर ओढावी लागे. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग स्वतंत्र तारांतून जात, म्हणून चित्र नितळ येई. तरी अक्षरे वाचवत नसत. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सम आणि विषम रेषा आळीपाळीने काढतो, त्यामुळे एका रेषेइतकी बारीक आडवी रेघ सेकंदाला फक्त २५ वेळा उजळते आणि डोळ्यांपुढे थरथरत राहते. सिनेमाच्या चित्रात अशा रेघा क्वचितच असतात, म्हणून व्हीसीडी आणि डीव्हीडी पाहण्यापुरते ते चालून गेले.

एचडीएमआय : डिसेंबर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा यांच्यासह सात कंपन्यांनी हे मानक जाहीर केले. १९ पिनांच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. २०१३ च्या २.० आवृत्तीपासून ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवता येते. संगणकाला यूएसबी-सी असेल, तर त्या पोर्टमधून चित्र निघते का हे आधी पाहावे. प्रत्येकातून ते निघत नाही. जुन्या टीव्हीसाठी एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी साधी वायर बाजारात मिळते. ती घेऊ नये. डिजिटल संदेशाचा ॲनालॉग करायला आत सर्किट असलेला, वीज लागणारा कन्व्हर्टरच हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वस्तू मागताना ‘केबल’ न म्हणता ‘कन्व्हर्टर’ म्हणावे.

जुळणी : विंडोजमध्ये विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबल्या की पडदा निवडता येतो. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडावा. पडद्याच्या तळाची पट्टी अर्धी कापली गेली, तर तो ओव्हरस्कॅन असतो. ट्यूबच्या काळात कडेचा वेडावाकडा भाग लपवण्यासाठी टीव्ही चित्र थोडे फुगवून दाखवत. आजच्या सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी ती सवय अनेक संचांत उरली आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले की कडा परत येतात.

वेगाचा दोष सहज लक्षात येत नाही, पण सिनेमाचे सर्वाधिक नुकसान तोच करतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. संगणक मात्र एरवी ६० हर्ट्‌झवर असतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे दाखवावे लागते. कॅमेरा एखाद्या डोंगररांगेवरून संथपणे फिरू लागला की ही ओढाताण दिसते : डोंगर सरकत नाहीत, अडखळतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट सिनेमासाठी २४ आणि पाल पद्धतीच्या डीव्हीडीसाठी ५० ठेवला की हा दोष जातो. एवढे एक करून पाहिले, तरी फरक डोळ्यांना कळतो.

काळ्या रंगाचेही तसेच. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ या आकड्यावर धरतात, संगणक ० ते २५५ मोजतो. दोन्हीकडचे सेटिंग जुळले नाही, तर रात्रीचे प्रसंग काळ्या डबक्यात बुडतात किंवा राखाडी, धुऊन काढल्यासारखे दिसतात.

बिनतारी जोडणी : एअरप्ले (२०१०), मिराकास्ट (२०१२) आणि क्रोमकास्ट (२०१३) यांनी केबलची कटकट मिटवली. छोट्या क्लिपांना अशी जोडणी ठीक. संगणकाचा पडदाच बिनतारी पाठवला, तर चित्र दाबून पाठवावे लागते आणि वाय-फाय मंदावले की अडते. पूर्ण सिनेमासाठी केबलच उजवी.

सुरक्षितता : डेस्कटॉपच्या धातूच्या खोक्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे. त्यातच टीव्हीला केबलवाल्याची वायर जोडलेली असली, तर दोन्ही यंत्रांतील विद्युतदाबाच्या फरकाने एचडीएमआय पोर्ट जळू शकतो. अशा घरात आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, दोन्ही यंत्रे तीन पिनांच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावावीत आणि केबल जोडताना दोन्हींचे स्विच बंद ठेवावेत.